पानामागचा लाल कोळी

आमच्या पेण-रोह्याकडे 'कोळी' म्हटलें कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें आधीं धरमतरच्या खाडींत जाळें टाकणारा माणूस उभा राहतो. दुसरा कोळी घराच्या आढ्याला जाळें विणून माशीची वाट पाहात बसलेला असतो. आज मी बोलणार आहें तो तिसऱ्याविषयीं. जाळें तोहि विणतो. परंतु मासा किंवा माशी धरण्यासाठीं नव्हे. पानाच्या पाठीवर तो वस्ती करतो, पानाचाच रस शोषतो, आणि त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आंतबाहेर असते. शेतकरी त्याला लाल कोळी म्हणतात. ह्या कुळांतील सर्वांत कुप्रसिद्ध जातीचें शास्त्रीय नांव 'टेट्रानिकस अर्टिसी' असें आहे.

मी शेतकीचा पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि निवृत्त झाल्यावर पुतण्याच्या शेतांत लुडबूड करूं लागलों. म्हणून पुस्तकांतील माहिती सांगण्यापूर्वीं माझी स्वतःची चूक सांगतों. त्या चुकीमुळेंच ह्या विषयाचा अभ्यास करण्याची पाळी माझ्यावर आली.

रायगड जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पेरावा, पाण्याची सोय असेल तर थोडी भाजी करावी, हा आमच्या भागाचा जुना शिरस्ता. परंतु मुंबईची बाजारपेठ दाराशीं आहे, आणि भाजीला दर असतो तो ती दुर्मिळ असतां. म्हणून अलीकडे कांहीं शेतकरी नळ्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर प्लास्टिकचा कागद ताणतात आणि त्या बोगद्यांत काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची लावतात. त्याला कोणी पॉलिहाउस म्हणतात, कोणी नुसतें टनेल म्हणतात. घांटावर मावळांत, तळेगांव दाभाड्याच्या परिसरांत, अशाच मोठमोठ्या गृहांतून गुलाब फुलवून ते परदेशीं पाठविले जातात. गुलाबाच्या त्या बागाइतदारांनाहि लाल कोळ्याची ओळख चांगलीच आहे.

माझ्या पुतण्यानें रोह्यापासून थोड्या अंतरावर, कुंडलिकेच्या कांठीं, असें एक टनेल उभें केलें. कांहीं रक्कम कर्जाऊ काढली. कमी पडली तेव्हां माझ्या वहिनींनीं आपल्या दोन्ही पाटल्या गहाण ठेवायला काढून दिल्या. पौषांत काकडी लावली. वेल दोरीवर चढले, फुलें आलीं, आणि माघाच्या अखेरीस खालच्या कांहीं पानांवर बारीक पिवळसर ठिपके दिसूं लागले. कोणी सुईच्या टोंकानें पान टोंचावें तसे ते दिसत होते. पुतण्यानें मला विचारलें, "काका, हें काय असेल?" मीं चष्मा पुसला, पान वरून पाहिलें, आणि मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें, "कांहीं नाहीं रे, खताची कमतरता आहे." खत घातलें. ठिपके वाढले. मग तालुक्याच्या गांवीं जाऊन कीटकनाशकाची एक बाटली आणली आणि दोनदां फवारली. आठ दिवस जरा आराम वाटला. पुढच्या आठ दिवसांत पानें तांबूस होऊन वाळूं लागलीं, आणि शिमग्याच्या सुमारास वेलांच्या शेंड्यांवर रेशमासारखें तलम जाळें चढलें. अखेरीस वेल उपटून टाकावे लागले.

शाळेंतून निरोप घेतांना मुलांनीं मला एक भिंग भेट म्हणून दिलें होतें. तें कपाटांत तसेंच पडून होतें. त्या संध्याकाळीं मीं तें प्रथमच बाहेर काढलें, एक वाळकें पान उलटें केलें आणि त्याच्या पाठीकडे पाहिलें. तेथें शेंकडों तांबडे ठिपके चालत होते. एकाचे पाय मोजले, ते आठ भरले. श्रोतेहो, कीटकाला सहा पाय आणि कोळ्याला आठ, हें वाक्य मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें होतें. पण आठ पायांच्या प्राण्यावर आपण कीटकांचें औषध मारीत आहों, हें माझ्या ध्यानांत आलें नव्हतें. कारण मीं पान एकदांहि उलटून पाहिलें नव्हतें.

आतां हा प्राणी कसा जगतो तें पाहूं. तो कीटक नव्हे. विंचू, गोचीड आणि घरांतला कोळी ह्यांच्या गोतांतला तो आहे. त्याची मादी पानाच्या खालच्या बाजूस, शिरांच्या आडोशाला, पारदर्शक मोत्यासारखीं वाटोळीं अंडीं घालते. अंड्यांतून निघालेल्या पिलाला प्रथम सहाच पाय असतात. कात टाकल्यावर ते आठ होतात. तोंडांतील सुईसारख्या अवयवानें तो पानाच्या एकेका पेशीला भोंक पाडतो आणि आंतील हरितद्रव्यासह रस शोषून घेतो. रिकाम्या झालेल्या पेशींचा तो पांढुरका ठिपका वरून आपल्याला दिसतो. पान म्हणजे झाडाचें स्वयंपाकघर. तेंच रिकामें झाल्यावर फळाला अन्न कोठून मिळणार?

उन्हाळ्यांतील ३० अंशांच्या आसपासच्या उष्णतेंत अंड्यापासून पुरता वाढलेला कोळी व्हावयास आठदहा दिवस पुरतात. एक मादी आपल्या अल्पशा आयुष्यांत शंभराच्या घरांत अंडीं घालूं शकते. शाळामास्तराच्या संवयीनें मी एक लहानसें गणित मांडतों. शंभर अंड्यांपैकीं वीसच माद्या जगल्या असें धरूं, आणि पिढी दहा दिवसांची धरूं. दहाव्या दिवशीं २०, विसाव्या दिवशीं ४००, तिसाव्या दिवशीं ८,०००, आणि चाळिसाव्या दिवशीं १,६०,०००. हें नुसतें धरलेलें गणित आहे. सृष्टींत वाढ इतकी सरळ होत नाहीं. परंतु पहिल्या आठवड्यांत चार पानांवर असलेला रोग सहाव्या आठवड्यांत साऱ्या मांडवावर कसा पसरतो, हें त्यावरून उमगतें. शिवाय नराशीं संग न झालेली मादीहि अंडीं घालते. त्यांतून नर निपजतात. म्हणजे एकटी मादी वाऱ्यानें उडून आली, तरी तिच्यापासून नवी वसाहत सुरू होऊं शकते. पान वाळूं लागलें कीं हे प्राणी शेंड्यावर गोळा होतात, धाग्याला लोंबकळतात, आणि वाऱ्यावर किंवा आपल्या सदऱ्याच्या बाहीवर बसून पुढच्या वेलावर जातात.

येथें कोणी म्हणेल कीं, कोळ्याला कोरडी उष्ण हवा मानवते, आणि कोंकण तर दमट. मग तो आमच्याकडे इतका माजतो कसा? ह्याचें उत्तर त्या छपरांत आहे. उघड्या शेतांत पावसाची सर पानांवरचे कोळी धुऊन नेते. टनेलमध्यें आपण पाऊस अडवितों, तेव्हां ही धुलाईहि अडवितों. फाल्गुन-चैत्रांत बाजूचे पडदे खालीं सोडून ठेवले तर दुपारीं आंतली उष्णता ४० अंशांच्या पुढें जाते आणि हवा कोरडी होते. बाहेर कोंकण असलें तरी आंत दख्खनचा उन्हाळा सुरू होतो. पावसापासून वांचविण्यासाठीं जें घर आपण पिकाला बांधलें, तेंच कोळ्याचें आश्रयस्थान झालें. टनेल वाईट आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु पावसाचें काम आपण काढून घेतलें, तर तें आपणच केलें पाहिजे.

आतां औषधाची गोष्ट. १९३९ सालीं पॉल म्यूलर ह्या स्विस शास्त्रज्ञाला डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण सांपडला, आणि १९४८ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. महायुद्धानंतर फळबागांतून डी.डी.टी. मुक्तपणें फवारण्यांत आलें, आणि अनेक ठिकाणीं कोळी कमी होण्याऐवजीं भडकले. कारण असें कीं, कोळ्यांना त्याची फारशी बाधा झाली नाहीं. परंतु कोळ्यांना खाणारे भुंगे आणि भक्षक कोळी मात्र मेले. आमच्या टनेलांत तेंच घडलें. पुष्कळशीं कीटकनाशकें कोळ्यावर चालत नाहींत. जीं चालतात त्यांनाहि तो थोड्याच काळांत सरावतो. कारण पिढी दहा दिवसांची, आणि प्रत्येक पिढींतून विषाला न जुमानणारे तेवढे मागें राहतात. विषांना दाद न देण्याच्या बाबतींत ह्या प्राण्याची कीर्ति जगभर आहे. २०११ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा प्रसिद्ध केला, त्यामागें हेंहि एक कारण होतें.

कोळ्याला शत्रू आहेत, हें मला फार उशिरां कळलें. स्टेथोरस नांवाचा टांचणीच्या माथ्याएवढा काळा भुंगा कोळ्यांवरच जगतो. कोळी खाणारे कोळीहि आहेत. १९५८ सालीं चिली देशाहून जर्मनींत गेलेल्या ऑर्किडच्या रोपांबरोबर असा एक भक्षक कोळी योगायोगानें युरोपांत पोंचला. त्याला 'फायटोसियुलस' म्हणतात. आज अनेक देशांत तो मुद्दाम वाढवून काचगृहांतून सोडतात. आपल्या देशांतहि 'निओसियुलस लाँजिस्पायनोसस' नांवाचा भक्षक कोळी मूळचाच आहे. तो पाय लांब टाकीत चपळ धांवतो. लाल कोळी मंद चालतो. भिंगाखालीं हा फरक सहज कळतो. जेथें हा धांवणारा दिसेल तेथें जहाल औषधाचा पंप खालीं ठेवावा.

पांढऱ्या माशीची एक हकीकत मला विशेष आवडते. १९२६ सालीं इंग्लंडांत टोमॅटो पिकविणाऱ्या एका माळ्याला पानामागच्या पांढऱ्या माशीच्या पिलांत कांहीं पिलें काळीं पडलेलीं दिसलीं. तीं त्यानें चेशंट येथील प्रयोगशाळेच्या नजरेस आणून दिलीं. तपास करतां त्या काळ्या पिलांच्या पोटांत 'एन्कार्सिया' नांवाची सूक्ष्म गांधीलमाशी वाढत असल्याचें आढळलें. पुढें ती वाढवून शेंकडों माळ्यांना पुरविण्यांत आली. डी.डी.टी. आल्यावर लोक तिला विसरले, आणि विषें निकामी होऊं लागल्यावर तिची पुन्हां आठवण झाली. ह्या साऱ्या विद्येची सुरुवात एका माळ्यानें पान नीट पाहिलें ह्यांतून झाली.

आतां करावें काय, तें क्रमानें सांगतों. हा क्रम आम्हीं दुसऱ्या वर्षीं पाळला.

पहिलें पीक निघाल्यावर त्याचा पालापाचोळा आणि टनेलच्या आंतबाहेरचें तण काढून टाकावें. कारण दोन पिकांच्या मधल्या काळांत कोळी तेथेंच तग धरतो. विकतचें रोप लावण्यापूर्वीं त्याचें पान उलटून पाहावें. बारीक विणीची जाळी माशीला अडविते. परंतु कपड्यांवरून येणाऱ्या कोळ्याला अडवीत नाहीं.

दुसरें, आठवड्यांतून दोनदां तरी सकाळीं फेरी घालावी. दारापाशीं, वाटेच्या कडेला आणि जेथें जमीन लवकर सुकते तेथें आधीं पाहावें. खालचीं आणि मधलीं पानें उलटावीं. संशय आला तर पांढऱ्या कागदावर पान झटकावें. ठिपके चालूं लागले तर उत्तर मिळालें. पिवळे आणि निळे चिकट कागद पांढरी माशी व फुलकिडे ह्यांच्यासाठीं चांगले. कोळ्याला पंखच नसल्यामुळें तो त्यांवर सांपडत नाहीं. कोळी दिसलेल्या वेलाला चिंधी बांधावी आणि त्या भागांत सर्वांत शेवटीं काम करावें.

तिसरें, पाणी. सकाळच्या वेळीं पानांच्या खालच्या बाजूनें जोराचा फवारा मारावा. सकाळींच कां, तर सायंकाळपर्यंत पानें सुकलीं पाहिजेत. ओलीं राहिलीं तर काकडीवर केवडा रोग येतो. दुपारीं वाटा ओल्या कराव्यात आणि बाजूचे पडदे वर करावे. वेलाला तहान लागूं देऊं नये. युरिया सढळ हातानें घालूं नये. लुसलुशीत पानावर कोळी अधिक वाढतात. माझ्या त्या 'खताच्या कमतरते'नें आगींत तेलच ओतलें होतें.

चौथें, फार लागण झालेलीं पानें अलगद पिशवींत घालून बाहेर नेऊन पुरावीं. मग निंबोळीचा अर्क. पांच किलो निंबोळीची भुकटी नऊ लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून फडक्यानें गाळावी, एक लिटर पाण्यांत विरघळविलेला २०० ग्रॅम साबण त्यांत मिसळावा, आणि एकंदर पाणी १०० लिटर करावें. फवारणी उन्हें उतरल्यावर करावी, पानाच्या पाठीवर करावी, आणि आधीं दोन-चार पानांवर करून पाहावी. अंडीं बचावतात, म्हणून पांच-सात दिवसांनीं ती पुन्हां करावी लागते. गंधक हें कोळ्यावरचें जुनें औषध आहे. परंतु कडक उन्हांत तें पानें जाळतें, काकडीच्या वर्गाला विशेष सोसत नाहीं, आणि तेलाच्या फवारणीच्या मागें-पुढें दोन-तीन आठवडे तें वापरूं नये.

इतकें करूनहि भागलें नाहीं, तरच कोळीनाशक घ्यावें. त्या पिकासाठीं मंजूर असलेलें, चिठ्ठीवरील मात्रेनें, आणि पुढच्या वेळीं निराळ्या गटांतलें. फवारणीनंतर जितके दिवस माल तोडूं नये असें लिहिलेलें असेल तितके दिवस तो तोडूं नये. रोगाची ओळख पटत नसेल तर पान पिशवींत घालून जाणत्याकडे न्यावें. रोह्याजवळ किल्ला येथें दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाचें कृषि विज्ञान केंद्र आहे. विद्यापीठ १९७२ सालचें. मीं तेथें पहिल्याच ठिपक्याला पान घेऊन जावयास हवें होतें.

ओळख पटण्याला इतकें महत्त्व कां, ह्याचें आणखी एक उदाहरण देतों. मिरचीचीं पानें चुरडलीं कीं लोक सरसकट एकच नांव घेतात. परंतु फुलकिड्यांमुळें पानाच्या कडा वर वळतात, आणि पिवळ्या कोळ्यामुळें त्या खालीं वळतात. हा पिवळा कोळी लाल कोळ्याहूनहि लहान असतो आणि त्याला दमट हवा आवडते. म्हणजे पावसाळी टनेलांत तो येऊं शकतो. नारळावरचा कोळी तर आणखी निराळा. १९९८ सालीं तो केरळांत प्रथम आढळला आणि पुढें नारळाच्या इतर प्रांतांत पसरला. अळीसारखें त्याचें शरीर, आणि पाय चारच! नारळाच्या देंठाजवळच्या टोपीखालीं तो राहतो. म्हणून तेथून खालीं तपकिरी, चिरलेले चट्टे उतरतात. म्हणजे माझा आठ पायांचा नियमहि प्रत्यक्ष पाहिल्यावांचून विसंबण्यासारखा नाहीं.

शहरांतील श्रोत्यांना वाटेल, ह्यांत आमचा संबंध काय? संबंध दोन प्रकारचा आहे. आपल्या गॅलरींत गुलाब किंवा जास्वंद असेल, तर छपराखालचें तेंहि एक टनेलच आहे. पावसाची सर तेथें पोंचत नाहीं. पानें फिकट, धुळकट दिसूं लागलीं तर औषधाच्या दुकानीं धांवूं नये. कुंडी मोरींत न्यावी, पानांच्या पाठी पाण्याच्या धारेनें धुवाव्या, आणि आठवडाभर दिवसाआड तसें करावें.

दुसरा संबंध बाजाराचा. काकडीच्या सालीवर एक खरवड दिसली कीं गिऱ्हाइक ती बाजूला सारतें. तें दलालाला कळतें, दलालाकडून शेतकऱ्याला कळतें, आणि शेतकरी एक फवारा जास्त मारतो. सालीवरचा डाग आपण सोलून टाकूं शकतों. पण जादा फवाऱ्याचें जें उरतें तें डोळ्यांना दिसत नाहीं.

दुसऱ्या वर्षीं कोळी आलाच. पश्चिमेकडच्या वाटेलगत चार वेलांवर तो प्रथम दिसला. आणि तो मला किंवा पुतण्याला नव्हे, तर पुतण्याच्या चवथींतल्या मुलीला दिसला. भिंग आतां तिच्या ताब्यांत असतें. चार वेलांचीं पानें काढलीं, पाणी मारलें, निंबोळीचा अर्क दोनदां फवारला. कोळी समूळ गेला नाहीं. परंतु शेंड्यावर जाळें चढलें नाहीं, आणि काकडी अखेरपर्यंत निघाली. कर्ज सारें फिटलें असें मी म्हणणार नाहीं. वहिनींच्या दोन पाटल्यांपैकीं एक घरीं आली आहे. दुसरी अजून जेथें होती तेथेंच आहे. नव्या मोसमाचीं रोपें आलीं, तेव्हां मुलीनें तीं दारांतच अडवून एकेक पान उलटून पाहिलें, आणि मगच आंत जाऊं दिलीं. मी बाजूला उभा राहून पाहात होतों.

उद्यां सकाळीं आपल्या कुंडीला पाणी घालतांना आपणहि एक पान उलटून पाहावें, एवढीच विनंति करून मी आपली रजा घेतों.